प्रोजेक्टमध्ये कोणी काय करायचं ते ठरवताना: आधी कामं, मग माणसं, ग्रुप सगळ्यात शेवटी

नवीन प्रोजेक्ट आला की आपल्याकडे गोव्यात सगळ्यात आधी वॉट्सअ‍ॅप ग्रुप बनतो. मग त्यात माणसं टाकतात, कोणाला कोऑर्डिनेटर कोणाला इन्चार्ज अशी पदं वाटतात, आणि नक्की कामं कोणती आणि किती ते तिसऱ्या आठवड्यात कळायला लागतं, तोपर्यंत दोन कामांना तीन-तीन मालक झालेले असतात आणि पाच कामांना एकही नसतो. वेर्ण्याची फॅक्टरी घ्या, पर्वरीचं आयटी ऑफिस घ्या नाहीतर गावच्या देवळाची जीर्णोद्धार कमिटी घ्या, क्रम तोच. तो उलटा करायचाय. सविस्तर लिहितोय कारण लोक चुकतात ते मधल्या बारीक पायऱ्यांवर.

उदाहरण एकच धरू. कांदोळी-कळंगुट पट्ट्यातलं 18 खोल्यांचं एक हॉटेल, जूनमध्ये पाऊस लागला की बंद करायचं, बाथरूम नवीन करायच्या, वायरिंग आणि एसी बघायचे, बुकिंगचं सॉफ्टवेअर बदलायचं आणि 1 ऑक्टोबरला सीझनसाठी उघडायचं. हॉटेल मनातलं आहे, पण अशी कामं ज्यांनी केलीत त्यांना ओळखीचं वाटेल. तुमचा प्रोजेक्ट वेगळा असला तरी पायऱ्या याच.

## तयारी: माणसांना बोलवायच्या आधी चार कागद

कागद 1, शेवट काय. एका वाक्यात. "हॉटेल रिनोव्हेट करणे" हे चालणार नाही, कारण ते झालं की नाही यावर भांडण होऊ शकतं. "1 ऑक्टोबरला सगळ्या 18 खोल्या गेस्टला देता येतील आणि नवीन सॉफ्टवेअरवरून बुकिंग घेता येईल" यावर भांडण होत नाही, एकतर झालंय नाहीतर नाही.

कागद 2, माणसं आणि त्यांचा खरा वेळ. इथे सगळे फसतात. अकाउंटंट टीममध्ये आहे म्हणजे ती महिनाभर मोकळी आहे असं नाही. दर महिन्याचं जीएसटी भरायचं असेल तर 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 तारखेला 3बी ही दोन रिटर्न, म्हणजे त्या आधीचे दोन-तीन दिवस ती तुमची नाहीच. प्रत्येकासमोर आठवड्याचे तास लिहा, आणि आठ तासांच्या दिवसातले साधारण सहाच धरा, बाकी दोन फोन, चहा आणि दुसऱ्यांच्या शंकांत जातात. जो माणूस दुसऱ्या डिपार्टमेंटचा आहे त्याच्या साहेबाचं नावही शेजारी लिहून ठेवा, पुढे लागेल.

कागद 3, कॅलेंडर. गोव्यात हा कागद नसेल तर बाकीचे फाडून टाका. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, 2025 ला 27 ऑगस्टला होती, 2026 ला 14 सप्टेंबरला. म्हणजे 1 ऑक्टोबरला उघडणाऱ्या हॉटेलसाठी एका वर्षी चवथीनंतर महिनाभर हातात असतो आणि दुसऱ्या वर्षी जेमतेम दोन आठवडे. कोणाकडे दीड दिवसाचा गणपती, कोणाकडे पाच दिवसांचा, कोणाचा मूळ घरी पेडण्याला नाहीतर काणकोणला, हे विचारून तारखांसकट लिहा. बाहेरून आलेले कामगार गावी कधी जातात तेही.

कागद 4, पैशाची सही कोणाची. किती रकमेपर्यंत कोण हो म्हणू शकतो. याचं काय करायचं ते पायरी 6 मध्ये येतं, पण मालकाला आत्ताच विचारून ठेवा, नंतर तो दुबईला असतो.

तपासा: चारही कागद मिळून दोन पानांच्या वर गेले असतील तर तुम्ही प्लॅन लिहायला लागलात. थांबा. इथे फक्त माहिती हवीय.

## पायरी 1: काम फोडा, माणसांचा विचार न करता

पूर्ण काम मोठ्या भागांत तोडा, मग प्रत्येक भाग अजून लहान. कुठपर्यंत तोडायचं याचा एक जुना अंदाज आहे, एक तुकडा 8 तासांपेक्षा लहान नको आणि 80 तासांपेक्षा मोठा नको. अगदी काटेकोर पाळायची गरज नाही पण "बाथरूम" असा एकच तुकडा ठेवला तर तो कोणालाच नीट देता येत नाही. त्याचे तुकडे असे पडतात: जुन्या टाइल्स तोडणं, राडारोडा हलवणं, पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी, वॉटरप्रूफिंग, पाणी साठवून टेस्ट, टाइल्स, फिटिंग.

यातली पाणी साठवून टेस्ट बघा. वॉटरप्रूफिंग झालं की जमिनीवर पाणी भरून 24 ते 48 तास ठेवतात आणि खालच्या खोलीच्या छताला ओल येते का बघतात, त्यानंतरच टाइल्स. हे काम कोणाचं? प्लंबर म्हणतो मेस्ताचं (गवंड्याचं), मेस्त म्हणतो वॉटरप्रूफिंगवाल्याचं, वॉटरप्रूफिंगवाला पैसे घेऊन पुढच्या साइटवर. टाइल्सवाला सकाळी आठला हजर असतो आणि त्याचा दिवस फुकट जाऊ नये म्हणून कोणीतरी "घाल रे" म्हणतं. नोव्हेंबरमध्ये खालच्या रूममधला गेस्ट रिसेप्शनला फोन करतो. यात आळशी कोणी नव्हतं, तुकडाच लिहिलेला नव्हता. दोन कामांच्या सांध्यावरची जी कामं असतात ना, तपासणं, सोपवणं, सही करणं, ती वेगळी ओळ म्हणून लिहायचीच.

नेहमी विसरली जाणारी अजून काही:

- परवानग्या. पंचायतीचा दुरुस्तीचा परवाना, आणि किनाऱ्याजवळ असाल तर सीआरझेडचं (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) काय लागतं ते. अर्ज करणं एक काम, त्याच्या मागे फिरणं हे दुसरं काम, आणि दुसरंच जास्त वेळ खातं.
- राडारोडा कुठे टाकायचा. शेतात नाही.
- जुन्या सॉफ्टवेअरमधली आगाऊ बुकिंग नव्यात आणणं. डिसेंबरची बुकिंग जूनमध्येच आलेली असतात.
- परदेशी गेस्ट उतरला की 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, सगळे ज्याला फॉर्म सी म्हणतात ते. नव्या सॉफ्टवेअरमधून ती कशी काढायची हे कोणीतरी बसून बघायला हवं.
- स्टाफचं ट्रेनिंग.
- बिलं जुळवणं.

थांबा: काम फोडताना "हे तर अमुक करेलच" असं मनात आलं तरी नाव लिहू नका. नाव लिहिलं की डोकं त्या माणसाला जमणारी कामंच आठवतं, बाकीची गळतात.

## पायरी 2: कामांचे गठ्ठे करा, म्हणजे रोल दिसतात

आता लिस्टमधली एकमेकांना चिकटलेली कामं एकत्र ठेवा. आमच्या हॉटेलात साधारण पाच गठ्ठे पडतात: साइटवरचं बांधकाम, इलेक्ट्रिकल आणि एसी, सॉफ्टवेअर आणि डेटा, परवानग्या आणि कागदपत्रं, खरेदी आणि हिशेब. प्रत्येक गठ्ठा म्हणजे एक रोल. आणि या सगळ्यांवर एक जण जो तारखा सांभाळतो, त्याला प्रोजेक्ट मॅनेजर म्हणा नाहीतर काहीही म्हणा.

रोल आणि हुद्दा वेगळा ठेवा. हुद्दा व्हिजिटिंग कार्डावर असतो, रोल या प्रोजेक्टपुरता. हाऊसकीपिंगची सुपरवायझर हुद्द्याने लहान असेल पण खोली तयार आहे की नाही याची शेवटची तपासणी तिच्याइतकी कोणालाच जमणार नाही, तो रोल तिलाच द्यायला हवा, जनरल मॅनेजरला नाही.

आयटीवाल्यांसाठी मधेच एक: तुम्ही स्क्रम (सॉफ्टवेअरचं काम छोट्या टप्प्यांत करायची पद्धत) वापरत असाल तर प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर्स हे तीन ठरलेलेच आहेत, आणि 2020 च्या स्क्रम गाइडमध्ये त्यांना रोल न म्हणता जबाबदाऱ्या म्हटलंय, टीमही साधारण 10 किंवा कमी माणसांची. पण त्या तिघांत सर्व्हरचं बिल कोण भरतो आणि क्लायंटला नाही कोण म्हणतो हे लिहिलेलं नाही. म्हणून पुढच्या पायऱ्या तुम्हालाही लागतातच.

## पायरी 3: रोलसमोर माणूस ठेवून बघा, पेन्सिलने

प्रत्येक रोलसाठी तीन प्रश्न. त्याला ते येतं का, त्याच्याकडे तेवढे तास आहेत का, आणि समोरचे लोक त्याचं ऐकतील का. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि तिथेच मोडतं. कामाला हुशार पण कालच लागलेला मुलगा वीस वर्षं काम करणाऱ्या मेस्ताकडून तारीख घेऊ शकत नाही, त्याला ते काम द्यायचंच असेल तर मालकाने मेस्तासमोर उभं राहून सांगावं लागतं की याचं बोलणं म्हणजे माझं बोलणं.

मग तासांची बेरीज. कागद 2 वरचे तास आणि दिलेल्या कामांचे तास समोरासमोर लिहा. जो माणूस चांगलं काम करतो त्याच्याच नावावर सगळं चढतं, प्रत्येक ऑफिसात असा एक असतो, आणि सप्टेंबरमध्ये तोच आजारी पडतो. बेरीज जास्त येत असेल तर काम काढून घ्या, बाहेरून माणूस आणा किंवा काम कमी करा. चौथा उपाय म्हणजे "करू मॅनेज", तो उपाय नाही.

तपासा: एका माणसाकडे काम करणं आणि तेच काम तपासून पास करणं असं दोन्ही आलंय का? पैसे आणि सेफ्टीच्या कामात हे नको. ज्याने माल घेतला त्यानेच बिल पास करायचं, असं ठेवलं तर प्रामाणिक माणसावरही संशय येतो.

## पायरी 4: जाहीर करायच्या आधी एकेकाला भेटा

मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर "हे तू बघ हां" म्हटलं की माणूस मान हलवतो, सगळ्यांसमोर नाही कोण म्हणणार. म्हणून एकेकाला वेगळं भेटा, दहा-पंधरा मिनिटं पुरतात. असं बोला:

"दादा, सगळ्या बाथरूमची पाण्याची टेस्ट तुम्ही बघायची असं मनात आहे. टेस्ट झाल्यावर फोटो टाकायचा, सही करायची, आणि तुमची सही नसेल तर टाइल्स थांबवायच्या. जमेल?"

"टाइल्सवाला माझं ऐकणार?"

"मी त्याला सांगतो. त्याच्या ऑर्डरमध्येच लिहून देतो."

"मग जमेल. पण चवथीच्या आदल्या आठवड्यात नको, मी वाळपयला जाणार."

एवढ्याशा बोलण्यात तुम्हाला दोन गोष्टी मिळाल्या ज्या मीटिंगमध्ये कधीच मिळाल्या नसत्या, एक अधिकाराची आणि एक सुट्टीची. दोन्ही लगेच लिहून घ्या. उत्तर "पळोवया" किंवा "बघू, तू लिही" असं आलं तर नाव लिहू नका, काय अडतंय ते परत विचारा.

माणूस दुसऱ्या डिपार्टमेंटचा असेल तर त्याच्या साहेबाकडूनही हो घ्या, किती तास आणि कधीपर्यंत या आकड्यांसकट. नुसतं "वापरा की त्याला" हे पहिल्या गर्दीच्या दिवशी विसरलं जातं.

## पायरी 5: चार्ट बनवा

आता तो प्रसिद्ध रेसी चार्ट, जो लोक पहिल्याच दिवशी बनवतात आणि म्हणून चुकतो. डावीकडे कामं, वरती माणसांची नावं, चौकटीत चारपैकी एक अक्षर:

- आर: प्रत्यक्ष काम करणारा. एकाहून जास्त चालतील.
- ए: काम झालं की नाही याचं उत्तर देणारा. एका ओळीत एकच.
- सी: काम करायच्या आधी ज्याचं मत घ्यायचं तो.
- आय: ज्याला फक्त कळवायचं तो.

लहान टीममध्ये आर आणि ए एकच माणूस असू शकतो, त्यात काही चूक नाही. एसी बदलण्याची ओळ अशी दिसेल: ए साइट सुपरवायझर, आर एसी टेक्निशियन, सी इलेक्ट्रिशियन कारण लोड त्याला बघायचाय, आय फ्रंट ऑफिस कारण कोणती खोली कधी मोकळी होते ते त्यांना हवंय. मी इथे हुद्दे लिहिलेत, तुम्ही चार्टवर माणसाचं नावच लिहा. "अ‍ॅडमिन टीम" असं लिहिलं तर अ‍ॅडमिनमधले तिघे एकमेकांकडे बघतात.

चार्ट भरला की दोनदा वाचा.

आडवा वाचताना: ए नसलेली ओळ आहे का, दोन ए असलेली आहे का, आर नसलेली आहे का. दोन ए होण्याचं कारण बहुतेक वेळा मान राखणं असतं, मालकाचा भाऊ आहे, त्याला कसं वगळायचं. त्याला सी द्या. आणि एका ओळीत चार-पाच सी दिसले तर ते काम सप्टेंबरपर्यंत चर्चेतच राहणार, दोनवर आणा.

उभा वाचताना: एकाच नावाखाली सगळीकडे ए आहे का, तो बहुतेक मालक किंवा मॅनेजर असतो आणि त्याचा फोन बंद असला की साइट बंद. एखाद्या नावाखाली फक्त आय आय आय आहे का, मग त्याला टीममध्ये घ्यायचंच कशाला, आठवड्याला एक मेसेज पाठवा. हे कठोर वाटतं पण हिशेब करा: 5 माणसांत बोलणाऱ्या जोड्या 10 होतात, 8 माणसांत 28, 12 माणसांत 66. वाढवलेला प्रत्येक माणूस तुमचे फोन वाढवतो.

थांबा: चार्ट 30-40 ओळींच्या वर गेला तर कोणी वाचत नाही. बारीक कामं त्या-त्या गठ्ठ्याच्या माणसाला त्याच्या वहीत ठेवू द्या, पण सांध्यावरची कामं चार्टवरून काढू नका.

## पायरी 6: जबाबदारीबरोबर अधिकार द्या, आकड्यात

माझ्या मते सगळ्यात जास्त प्रोजेक्ट इथे अडकतात आणि गाइडमध्ये याला दोन ओळी देतात. ज्याला ए दिलाय त्याला तीन गोष्टी लेखी द्या: किती पैशापर्यंत न विचारता खर्च करू शकतो, काय थांबवू शकतो, आणि अडलं तर किती वेळाने कोणाकडे जायचं.

उदाहरणार्थ सुपरवायझरला 5,000 रुपयांपर्यंत न विचारता. त्यावर 25,000 पर्यंत मॅनेजर, त्याच्यावर मालक. आकडे तुमचे तुम्ही ठरवा पण ठरवा. नाहीतर म्हापशाच्या दुकानात 600 रुपयांचा व्हॉल्व्ह घ्यायला उभा असलेला माणूस मालकाला फोन लावत बसतो, आणि इकडे प्लंबरचा अर्धा दिवस जातो ज्याची मजुरी व्हॉल्व्हपेक्षा जास्त आहे.

अडलं तर वर जायचा नियमही वेळेसकट लिहा: दोघांचं पटलं नाही तर त्याच दिवशी मॅनेजर, मॅनेजरकडून 24 तासांत उत्तर नाही आलं तर मालक. वेळ नसलेला नियम म्हणजे माणसं चिडेपर्यंत वाट बघतात.

तपासा: प्रत्येक ए ला विचारा, "उद्या सकाळी हे काम चुकतंय असं दिसलं तर तू स्वतः थांबवू शकतोस का?" नाही म्हणाला तर तो ए नाहीच, खरा ए दुसराच कोणीतरी आहे, त्याचं नाव लिहा.

## पायरी 7: रोलची चिठ्ठी, मग मीटिंग, मग ग्रुप

प्रत्येकाला एक छोटी चिठ्ठी द्या, सात-आठ ओळींची, फोनवर एका स्क्रीनमध्ये मावेल एवढी. नमुना:

> काम: नवीन बुकिंग सॉफ्टवेअर चालू करणं
> झालं कधी म्हणायचं: सगळी जुनी बुकिंग नव्यात दिसतात, फ्रंट ऑफिसच्या तिघांनी स्वतः चेक-इन करून बघितलं
> तारीख: 10 सप्टेंबर
> तुमचं नाही: इंटरनेटची लाइन (ती इलेक्ट्रिकलकडे)
> न विचारता खर्च: 3,000 रुपये
> मत कोणाचं घ्यायचं: अकाउंटंट (बिलाचा फॉरमॅट, जीएसटी)
> कोणाला कळवायचं: मॅनेजर, दर शुक्रवारी
> तुमच्या जागी कोण: फ्रंट ऑफिसचा सीनियर

"तुमचं नाही" ही ओळ बहुतेक लोक लिहित नाहीत. लिहाच. दोघांनाही वाटतं की इंटरनेट दुसरा बघतोय.

मग एक मीटिंग, तासाभराची, पावसात सगळ्यांना लांबून बोलवताय तर दोनदा बोलवू नका. मीटिंगमध्ये तुम्ही चार्ट वाचून दाखवू नका, प्रत्येकाने आपली चिठ्ठी स्वतःच्या शब्दांत सांगायची. कोणाला काय वेगळं समजलंय ते तिथल्या तिथे बाहेर येतं. वाद झालेच तर चांगलं, आत्ताचे वाद स्वस्त असतात. मीटिंग संपल्यावर ग्रुप बनवा. चार्टचा फोटो पिन करा. आणि ग्रुपवर "कोणीतरी बघा रे" असा मेसेज टाकायला बंदी, नाव घेऊनच लिहायचं.

## पायरी 8: जागी दुसरा कोण

चार्टवरच्या प्रत्येक ए ला एक बदली माणूस. कागद 3 समोर ठेवा आणि दोघांच्या सुट्ट्या एकाच वेळी येत नाहीत ना ते बघा, चवथीला तर हमखास येतात. टीममध्ये कोणी असा असेल की ज्याच्या घरी गणपती नाही आणि तो थांबायला तयार आहे, तर त्याला आधी विचारा आणि बदल्यात डिसेंबरमध्ये 3 तारखेचं जुन्या गोव्याचं फेस्त किंवा नाताळ त्याला मोकळं द्या. गृहीत मात्र धरू नका.

बदलीचं नाव नुसतं लिहून भागत नाही. पासवर्ड, सप्लायरचे नंबर, अर्धवट ऑर्डरी, पंचायतीतल्या अर्जाचा इनवर्ड नंबर, हे सगळं एका ठिकाणी हवं. सुट्टीच्या दोन दिवस आधी दोघांनी समोरासमोर बसून सोपवायचं, आणि बदली माणसाने त्या दोन दिवसांत एक काम स्वतः करून बघायचं.

## पायरी 9: काम चालू असताना

चार्ट दर दोन आठवड्यांनी उघडा, दहा मिनिटं. फक्त तीन गोष्टी बघायच्या: नवीन काम आलंय का ज्याला नाव नाही, कोणी दुसऱ्याचं काम करतोय का, कोणाचे तास बदलले का. दुसरी गोष्ट नाजूक आहे. अकाउंटंट जर रोज पंचायतीत फेऱ्या मारत असेल आणि तिच्या नावावर ते काम नसेल, तर ज्याच्या नावावर आहे त्याला एकट्याला विचारा, ग्रुपवर नाही. कदाचित त्याच्याकडे गाडी नाही एवढंच कारण निघेल. मग एकतर काम रीतसर तिच्या नावावर करा आणि तिचं दुसरं काही कमी करा, नाहीतर त्याची गाडीची सोय करा.

बदल केला की जुन्याला, नव्याला आणि सी-आयवाल्यांना त्याच दिवशी कळवायचं, चार्टवर तारीख टाकायची, जुना फोटो अनपिन करायचा. दोन वेगवेगळे चार्ट फिरायला लागले की प्रत्येक जण आपल्याला सोयीचा दाखवतो.

माणूस मधेच सोडून गेला तर त्याचं सगळं एकाच्या डोक्यावर टाकू नका. त्याच्या ओळी वेगळ्या काढा, पायरी 3 पासून परत या, फक्त त्या ओळींपुरतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आणि शेवटी, 1 ऑक्टोबरला हॉटेल उघडलं की प्रोजेक्टचे रोल बंद करायचे, लेखी. एसीची वॉरंटी आता कोणाकडे, सॉफ्टवेअर अडकलं तर फोन कोणाला, लीकेजची तक्रार कोण घेणार, या ओळी रोजच्या स्टाफच्या नावावर करा. नाहीतर साइट सुपरवायझरला 31 डिसेंबरच्या रात्री गीझर बंद पडल्याचा फोन जातो, आणि तो तेव्हा दुसऱ्याच कोणाच्या साइटवर असतो.